कुत्र्याने शेवटी जेवावे

मलकापूरच्या कोयनाकाठ सहकारी गृहनिर्माण संस्थेत कुत्रं पाळायला बंदी नव्हती. फक्त ते सुशिक्षित असावं लागे. 'संस्थेच्या आवारात वास्तव्य करू इच्छिणाऱ्या प्रत्येक श्वानाने रीतसर प्रशिक्षण घेऊन समितीपुढे प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी; अनुत्तीर्ण श्वानास आवाराबाहेर हलवण्यात यावे,' असा ठराव सर्वसाधारण सभेत टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला होता. संस्थेत राहणाऱ्या माणसांना अशी काही अट नव्हती, आणि ते बरंच होतं म्हणायचं. नाहीतर निम्मे फ्लॅट रिकामे पडले असते.

हा ठराव मांडला होता विष्णुपंत बहुलेकरांनी. पंत तेव्हा संस्थेचे सचिव होते, आणि खालच्या मजल्यावरच्या सुमंत देशिंगकरांचा कुत्रा रोज सकाळी पंतांच्या स्कूटरच्या चाकावर आपला हक्क नोंदवून जायचा. परीक्षेत तो कुत्रा साफ आपटला. बस म्हटलं तर पळाला, आणि पळ म्हटलं तर परीक्षकाच्या मांडीवर जाऊन बसला. त्याची रवानगी तासगावला सुमंतांच्या मेव्हण्याकडे झाली. त्या दिवशी जिन्यात सुमंत एवढंच म्हणाले, "बघू पंत. तुमच्याही दारात कधीतरी शेपूट हलेलच की."

आता सुमंत संस्थेचे अध्यक्ष होते, पंत साधे सभासद होते, आणि पंतांच्या दारात शेपूट हलत होतं.

त्याचं असं झालं. पंत पुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. कुणाला किती धान्य द्यायचं, कधी द्यायचं आणि कुणाच्या आधी द्यायचं, हे ठरवण्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्तीनंतर मात्र त्यांचं घरात कुणी ऐकेना. मुलगा शौनक घरात असला की कानात काहीतरी पांढरं खुपसून बसायचा. सून मयूरी कराडच्या कॉलेजात शिकवायची. दिवसभर पोरांना ऐकवून आल्यावर घरी येऊन सासऱ्यांचं ऐकायची तिची तयारी नसायची. पत्नी चारुलताबाई ऐकायच्या, पण ऐकता ऐकता मेथी निवडायच्या. पंतांच्या मते तो कार्यालयीन बेअदबीचा प्रकार होता.

अशात पंत एका बारशाला पलूसला गेले. तिथं केरबा भेटला. केरबाच्या रेशन दुकानाची तपासणी एकेकाळी पंतच करायचे. नोकरीत पंतांनी कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नव्हतं, आणि निवृत्तीनंतर कुणी द्यायला येईनासंच झालं होतं. त्यामुळं केरबानं गोणपाटातून तांबूस रंगाचं, एक कान उभा आणि एक पडलेला, असं गुबगुबीत पिल्लू काढून समोर धरलं, तेव्हा पंतांना गहिवरून आलं.

"न्या की, पंत," केरबा म्हणाला. "ह्येची आई आमची द्राक्षाची बाग राखती. लय हुशार जात हाय. सांगितल्यालं इसरत न्हाई. आन आवं, एकदा का शिकलं, की मग सोडत न्हाई बघा मरंस्तवर."

सांगितलेलं विसरत नाही! घरात असं निदान एक तरी कुणी असावं, म्हणून पंतांनी पिल्लू घेतलं.

चारुलताबाईंनी दारातच हात आडवा लावला. "मला नकोय हो हे. कौतुक सगळ्यांचं, आणि करायचं कुणी? मीच." हे त्यांचं बोलणं तंतोतंत खरं ठरलं. आठवडा व्हायच्या आत पिल्लाचं नाव ढब्बू पडलं, ते त्यांच्या पायात घुटमळत स्वयंपाकघरात राहू लागलं, आणि बाई भाजी चिरताना त्याला सांगू लागल्या, "आज दोडका आहे बाबा. मला नाही आवडत, पण ह्यांना लागतो." ढब्बू मान तिरकी करून ऐकायचा. मध्येच मोबाईल बघायचा नाही, की 'मुद्द्याचं बोल' म्हणायचा नाही. चारुलताबाईंचा त्याच्यावर जीव जडला, आणि त्यांनी तो लपवलाही नाही.

म्हणून संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर सुमंतांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकून परीक्षेची तारीख कळवली, तेव्हा बाईंनी विळी बाजूला सारली.

"अहो, नापास झाला तर?"

"तर पलूस," पंत म्हणाले. "नियम म्हणजे नियम. मीच केलाय."

"बदलता नाही यायचा?"

"अध्यक्षांच्या संमतीनं येतो," पंत म्हणाले. अध्यक्ष सुमंत होते.

परीक्षेत बसणं, उठणं, पंजा देणं हे किरकोळ विषय होते. खरे गुण होते भोजनसंयमाला. त्याचं कलम पंतांनी पुरवठा खात्यातला सगळा अनुभव पणाला लावून लिहिलं होतं: 'घरातील सर्व सदस्यांचे भोजन झाल्याखेरीज श्वानाने अन्नास तोंड लावू नये. कुत्र्याने शेवटी जेवावे.' सुमंतांचा कुत्रा ह्याच कलमात गेला होता. परीक्षा चालू असताना त्यानं खुद्द सुमंतांच्याच ताटातली पुरणपोळी उचलली होती.

प्रशिक्षणासाठी शिवतेजला बोलावण्यात आलं. शिवतेज दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलकापुरातच मोबाईलची काच बदलून द्यायचा. मग त्यानं मोबाईलवरच एक कोर्स केला आणि तो श्वान-वर्तन सल्लागार झाला. गळ्यात शिट्टी, कमरेला बिस्किटांची थैली आणि डोळ्यांवर घरातसुद्धा काळा चष्मा.

"काका, तुमचा रूल एक नंबर हाय," त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. "सायन्स हाय हे. डॉग हा कळपातला प्राणी. कळपात जो शेवटी जेवतो, त्याची पोझिशन सगळ्यात खाली. आपण ह्याला शेवटी जेवायला शिकवायचं, म्हणजे त्याला आपली जागा कळती."

पंतांचा ऊर भरून आला. आपण सहज लिहिलेलं कलम शास्त्रीय निघालं होतं. चारुलताबाई तेव्हा ओट्यापाशी भाकरी थापत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

ढब्बू खरंच हुशार होता. शिवतेज तळवा पुढं करून "थांब" म्हणायचा, की ढब्बू दगडासारखा बसायचा. नाकापुढं दूध-भाकरीचं भांडं, लाळ फरशीवर, पण पोरगं हलत नसे. पुढं पुढं तर त्याला सांगायचीही गरज उरली नाही. जेवणाची वेळ झाली की तो स्वतःच पहाऱ्याला बसायचा. पंतांनी ढेकर दिला, की एक झाले. शौनकनं ताट सरकवून मोबाईल हातात घेतला, की दुसरा. मयूरीचं ताट मोरीत वाजलं, की तिसरी. मग ढब्बू उठायचा, ओट्यापाशी जायचा, आणि मान वर करून बसायचा. ओट्यावर एक ताट पालथं असायचं.

ते चारुलताबाईंचं ताट. त्या सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवत.

"खा रे राजा," बाई म्हणाल्या.

ढब्बूनं भांड्याकडं पाहिलं, पालथ्या ताटाकडं पाहिलं, आणि बसून राहिला. नियम त्याला पाठ होता. घरातली एक व्यक्ती जेवायची राहिली होती.

"काकू, तुमी जेवून घ्या ना पटकन," शिवतेज म्हणाला.

"हे उपाशी समोर बसलंय, आणि मी घास घेऊ?" चारुलताबाई म्हणाल्या. "मला नाही जमायचं. आमच्या सांगलीच्या घरी आई दारच्या गाईला, कुत्र्याला घातल्याशिवाय पानावर बसायची नाही. मीही कधी बसले नाही. आधी ह्याला खाऊ दे, मग मी जेवते."

अशी कोंडी झाली. ढब्बू बाईंसाठी थांबला होता आणि बाई ढब्बूसाठी थांबल्या होत्या. दोघांचंही प्रशिक्षण उत्तम झालेलं होतं, त्यामुळं कुणीच मागं हटेना. पंत वामकुक्षी आटोपून चहाला उठले, तेव्हा दोघंही स्वयंपाकघराच्या फरशीवर भिंतीला टेकून डुलक्या घेत होती, आणि दुधावर साय धरली होती.

पंतांनी तातडीची बैठक बोलावली. इतक्या वर्षांत चारुलताबाईंच्या जेवणावर घरात झालेली ही पहिली चर्चा. अर्थात विषय होता कुत्र्याच्या जेवणाचा, हे इथं स्पष्ट केलं पाहिजे.

"तू प्रतीकात्मक घास घे," पंतांनी सुचवलं. "भूमिपूजनाला मंत्री एकच कुदळ मारतात, तरी काम सुरू झालं असंच म्हणतात ना?"

चारुलताबाईंनी भाकरीचा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला. ढब्बूनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, मग ताटाकडं पाहिलं. ताट भरलेलं होतं. असलं उद्घाटन त्याला मान्य नव्हतं.

शौनक संगणकाच्या कामातला. त्यानं आधुनिक तोडगा काढला. "आई जेवतानाचा एखादा व्हिडिओ त्याला दाखवू ना! सिंपल आहे." त्यानं मोबाईल धुंडाळला. मिरजेचं लग्न निघालं. आई जिलेबीचं ताट घेऊन पंगतीतून फिरत होती. साखरपुडा निघाला; आई मठ्ठा वाढत होती. वाईची सहल निघाली; आई कागदी ताटल्यांत पुऱ्या मोजून घालत होती. आमटीची पळी ओठाला लावलेला एक फोटो सापडला, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. पण ती मिठाचा अंदाज घेत होती. घरातल्या कुठल्याच मोबाईलमध्ये चारुलताबाई जेवत नव्हत्या. "चार्जिंग संपतंय," असं म्हणून शौनकनं फोन खिशात घातला.

"मग आपण सगळे एकदमच बसूया," मयूरी म्हणाली. "आईंनी भाकरी आधीच करून ठेवायच्या."

"आधीच?" पंतांचा आवाज बदलला. "म्हणजे गार?"

पंतांनी जन्मात गार भाकरी खाल्ली नव्हती. भाकरी तव्यावरून फुगून थेट ताटात आली पाहिजे, वाफ निघाली पाहिजे आणि बोट पोळलं पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. साताऱ्याच्या कार्यालयात असताना ते रोज जेवायला घरी यायचे ते त्याचसाठी. विषय पटलावरून काढून टाकण्यात आला.

मग मयूरीनं स्वतः एक दिवस भाकरी थापल्या आणि सासूबाईंना जबरदस्तीनं टेबलाशी बसवलं. चारुलताबाई दोन वेळा उठल्या, एकदा मिठासाठी आणि एकदा उगीचच, पण जेवल्या. ढब्बूनं त्यांची नोंद घेतली आणि मयूरीसमोर जाऊन बसला, कारण आता ती राहिली होती. मयूरीला बस गाठायची होती. ती डबा घेऊन पळाली. ढब्बू संध्याकाळी ती परत येईपर्यंत दाराशी उपाशी बसला. एकंदरीत शेवटी जेवण्याची जागा घरात कायम मंजूर आहे आणि ती रिकामी ठेवता येत नाही, असं पंतांच्या अनुभवी ध्यानात आलं. जो तव्यापाशी उभा राहील त्याची तिथं आपोआप नेमणूक होत होती. शौनकनं तव्यापाशी उभं राहावं, असं कुणी सुचवलं नाही.

"मग एकच मार्ग," पंत म्हणाले. "जेवणाच्या प्रयोजनार्थ तुला घरातली सदस्य धरायचं नाही. इतर सर्व प्रयोजनांसाठी तू सदस्य आहेसच."

"मी घरातली नाही?"

"फक्त कागदोपत्री."

चारुलताबाईंनी पदराला हात पुसले. "ढब्बू राहणार असेल तर लिहा काय ते," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा चिरकला, पण पंत तेव्हा ठरावाचा मसुदा करण्यात गढले होते. त्यांनी मसुदा खणखणीत आवाजात ढब्बूला वाचून दाखवला. ढब्बूनं तो शेवटपर्यंत ऐकला, उठला, ओट्याशी गेला आणि पालथ्या ताटापुढं बसला. ठराव फेटाळण्यात आला.

रोज तिन्हीसांजेला बाईच हरून चार घास गिळायच्या, तेव्हा कुठं ढब्बू भांड्याला तोंड लावायचा. ढब्बूच्या बरगड्या दिसू लागल्या. चारुलताबाईंच्या तर कधीपासून दिसत होत्या, पण त्याची तपासणी कुठल्या समितीकडं नव्हती.

परीक्षेचा रविवार उजाडला. सुमंत दोन समिती सदस्यांना घेऊन बरोबर जेवणाच्या वेळेला आले. नियमच तसा होता, प्रात्यक्षिक भोजनसमयी. आता भोजनसमयी दारात आलेल्या माणसाला, मग तो हाडवैरी का असेना, जेवल्याशिवाय बसवून ठेवायची रीत आपल्याकडं नाही.

"बसा हो, दोन घास घ्या," पंत म्हणाले.

"छे छे, आम्ही खाऊन आलोय," सुमंत म्हणाले आणि पानावर बसले. कृष्णाकाठच्या वांग्यांचा वास जिन्यापर्यंत पोचला होता.

शिवतेज होताच. वरच्या मजल्यावरचे लोक परीक्षा बघायला म्हणून आले. वॉचमन कुणाला काही हवंय का बघायला आला. तेवढ्यात पलूसहून केरबा द्राक्षाची पेटी घेऊन हजर झाला. "म्हटलं आपल्या ढब्बूची परीक्षा हाय, आपुन जायाला पायजे." प्रत्येक जण 'नको नको' म्हणत बसला, आणि एकेका 'नको'ला दोन दोन भाकरी लागल्या. चारुलताबाई थापत होत्या, भाजत होत्या, वाढत होत्या. "वहिनी, अर्धीच," असं म्हणून पुढं केलेल्या प्रत्येक ताटात अख्खी पडत होती, कारण अर्धी वाढायची पद्धत नाही. ठेच्याची वाटी खरवडून झाली. ताकाच्या तांब्याचा तळ दिसला.

ढब्बू मात्र आपल्या भांड्यापुढं बसून होता. भांड्यात सकाळीच त्याच्या वाटणीची कोरी भाकरी ठेवलेली होती. कुणीतरी मुद्दाम वांग्याची फोड त्याच्या नाकाखाली धरली. ढब्बूनं तोंड फिरवलं. "वा! वा!" झालं. केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कौतुकानं की ठेच्यानं, सांगता येत नव्हतं. पंतांनी मिशीवरून हात फिरवला. खुद्द सुमंतांना तिसरी भाकरी संपवताना कबूल करावं लागलं, "संयम आहे बुवा."

सगळ्यांनी हात धुतले. बडीशेप फिरली.

"आता भोजनाची आज्ञा द्या," सुमंत म्हणाले.

"खा!" शिवतेज ओरडला.

ढब्बू उठला, ओट्याशी गेला आणि मान वर करून बसला.

"खा!" शिवतेजनं शिट्टी मारली. ढब्बूनं कानसुद्धा हलवला नाही.

सुमंतांचा चेहरा उजळला. "आज्ञाभंग! पंत, मला वाईट वाटतं, पण नियम तुमचाच आहे."

"थांबा! आज्ञाभंग नाही हा," पंत घाईनं म्हणाले. "अजून घरातलं एक माणूस जेवायचं राहिलंय."

"कोण?" सुमंतांनी विचारलं. त्यांनी खोलीभर पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. जो तो शेजारच्याकडं बघत होता. शेवटी कुत्रं ज्या दिशेला बघत होतं तिकडं सगळ्यांच्या माना वळल्या, तेव्हा तव्यापाशी पीठ लागलेल्या हातांनी उभ्या असलेल्या चारुलताबाई दिसल्या.

"आं? वहिनी जेवल्या नाहीत? मग जेवून घ्या की वहिनी. केवढं ते!"

चारुलताबाईंनी पिठाचा डबा वाकडा करून दाखवला. डबा रिकामा होता. वांग्याच्या पातेल्याला नुसता तेलाचा तवंग होता.

पंतांच्या डोक्यात पुरवठा खातं जागं झालं. त्यांनी एकूण साठ्याचा अंदाज घेतला. घरात शिजलेलं अन्न फक्त एका ठिकाणी शिल्लक होतं.

"ढब्बूच्या कोट्यातून अर्धी भाकरी तिला वर्ग करा," ते म्हणाले.

कुणालाही ह्यात वावगं वाटलं नाही. समितीनं मान डोलावली. शिवतेजनं भांड्यातली भाकरी मोडून अर्धी ताटात ठेवली. चारुलताबाई क्षणभर त्या ताटाकडं बघत राहिल्या. मग ढब्बूकडं बघितलं. तो तिथंच बसला होता, एक कान उभा, एक पडलेला, पोट आत गेलेलं. ह्याला पलूसला जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्या बसल्या.

"असं सगळे बघत असताना जेवायची सवय नाही मला," त्या पुटपुटल्या. पण कुणी हललं नाही, कारण परीक्षा चालू होती. एवढी माणसं भोवती उभी, आणि बाई अर्धी कोरी भाकरी सावकाश चावून खात होत्या. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि विचारलं, "ठेचा आहे का हो थोडा?"

ठेचा संपला होता. हिला ठेचा आवडतो, हे पंतांना आत्ता कळत होतं. त्यांनी बडीशेपेची आणखी एक चिमूट तोंडात टाकली आणि घड्याळाकडं पाहिलं. "अगं, जरा आटप. समिती खोळंबलीय."

ढब्बू गुरगुरला. जन्मात पहिल्यांदा, आणि सरळ पंतांकडं बघून.

चारुलताबाईंनी शेवटचा घास खाल्ला, पाणी प्यायल्या आणि ताट सरकवलं. ढब्बू उठला, आपल्या भांड्याशी गेला आणि उरलेल्या अर्ध्या भाकरीवर तुटून पडला. टाळ्या झाल्या. चारुलताबाईंनी पदर डोळ्याला लावला. ढब्बू राहणार होता.

समितीचा निकाल संध्याकाळी गटावर आला. 'श्वान उत्तीर्ण. मात्र सदर घरातील गृहिणी भोजनास विनाकारण विलंब लावतात, त्यामुळे श्वानाची गैरसोय होते. त्यांना योग्य प्रशिक्षणाची गरज आहे.' खाली सगळ्यांनी अंगठे वर केले होते. त्यात एक अंगठा पंतांचा होता.

"काकूंचा पण करूया ना कोर्स," शिवतेज म्हणाला. "बेसिक बॅच."

"माझं झालं की शिकून," चारुलताबाई म्हणाल्या. "तू ढब्बूला शिकवत होतास तेव्हा मी कुठं बाहेर होते? तिथंच तव्यापाशी होते ना."

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या भाकरी थापल्या आणि दुरडीत रचून ठेवल्या. ओट्यावरचं ताट सरळ केलं. खलबत्त्यात लसूण-मिरचीचा ठेचा कुटला, वाटीत काढला आणि टेबलाशी जाऊन बसल्या. पंत सवयीनं खुर्ची ओढायला आले. चारुलताबाईंनी तळवा पुढं केला.

"थांबा," त्या म्हणाल्या. कुत्र्याला 'थांब' आणि नवऱ्याला 'थांबा', एवढा आदर त्यांनी सोडला नाही.

पंत एक पाऊल पुढं आले. ढब्बू मध्ये येऊन बसला. पंत थांबले. चारुलताबाई सावकाश जेवल्या, ठेचा दोनदा घेतला, आणि त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवल्याबरोबर ढब्बू आपल्या भांड्याकडं गेला. त्याचा हिशोब सोपा होता. बाई जेवल्या म्हणजे घरातले सगळे जेवले. मयूरीचा तो एक दिवस सोडला, तर आजवर त्याला ह्याच्या उलट कधी दिसलंच नव्हतं. अशा रीतीनं त्या घरात आधी चारुलताबाई, मग ढब्बू आणि मग पंत, असा क्रम लागला. पंतांनी भाकरीला हात लावला. गार होती.

हा उघड उघड नियमभंग होता. पंतांनी लेखी तक्रार केली: 'माझ्या घरातील श्वान माझ्याआधी जेवतो.' सुमंत इतक्या आनंदानं कुठल्याच चौकशीला कधी गेले नसतील. समिती पुन्हा जेवणाच्या वेळेला आली.

"जेवणार ना?" चारुलताबाईंनी विचारलं.

"छे छे, आम्ही खाऊन... बरं, दोन घास."

"मग थांबा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तळवा पुढं केला. अध्यक्ष, दोन सदस्य, तक्रारदार आणि श्वान, सगळे ओळीनं बसले. बाईंचं जेवण होईपर्यंत त्यातलं कुणीही अन्नाला तोंड लावलं नाही. समितीनं अहवाल दिला की श्वान सुशिक्षित असून तक्रारदाराच्या प्रशिक्षणात समाधानकारक प्रगती आहे.

ही हकीकत कराड-मलकापुरात ज्याला सांगावी तो पोट धरून हसतो. कुत्र्याला व्हिडिओ दाखवला म्हणे, ठराव वाचून दाखवला म्हणे, काय येडी माणसं! हसून होतं न होतं तोवर आतून जेवायला हाक येते, आणि हसणारा गरम आहे तोवर खाऊन घ्यावं म्हणून उठतो. तुमचंही वाचून झालंच आहे, तुम्हालाही हाक येईल. जा, बसा जेवायला. उठताना ओट्याकडं तेवढं बघा, एखादं ताट पालथं आहे का. घरी कुत्रं असेल तर ते दाखवेल. नसेल, तर तुमचं तुम्हालाच बघावं लागेल.